डीबग बंद केलं तरी चालूच? पायथॉनच्या कॉन्फिगबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की पायथॉन प्रोजेक्टमध्ये कॉन्फिग, म्हणजे प्रोग्रामची सेटिंग्ज, सांभाळताना जे काही अडतंय ते मोकळेपणाने लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली, आणि बरीचशी फिरून फिरून एकाच जागी येतात, कॉन्फिग कोडमध्ये जिथे-तिथे वाचली जाते आणि वाचताना कोणी तपासत नाही. प्रश्न थोडे कापलेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी डॉट एन्व्ह फाईलमध्ये डीबग बरोबर फॉल्स असं स्वच्छ लिहिलंय. कोडमध्ये ओएस मॉड्यूलच्या गेटएन्व्हने ते वाचतो, दुसरं आर्ग्युमेंट फॉल्स दिलंय, आणि सगळं बूलमध्ये गुंडाळलंय. लॅपटॉपवर मस्त चालतं पण सर्व्हरवर डीबग चालूच, एरर आली की अख्खा ट्रेसबॅक (एरर कोडमध्ये कुठून आली त्याची यादी) युजरला दिसतो. फाईल वाचलीच जात नाहीये का? – पहिलीच नोकरी, बॅकएंड

उत्तर : सर्व्हरवर फाईल व्यवस्थित वाचली जातेय रे, गडबड वाचल्यानंतर होतेय. डॉट एन्व्हमधली प्रत्येक ओळ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होते, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणारी नाव-व्हॅल्यूची जोडी, आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी तो निव्वळ मजकूर, तिला आकडा कळत नाही, खरं-खोटं कळत नाही, यादी कळत नाही. त्यामुळे गेटएन्व्हने जे परत दिलं ते पायथॉनचं फॉल्स नाही, एफ-ए-एल-एस-ई अशी पाच अक्षरांची स्ट्रिंग आहे. आणि बूलला स्ट्रिंग दिली की आत काय लिहिलंय ते तो बघतच नाही, रिकामी आहे की नाही एवढंच बघतो. रिकामी नाही ना, मग ट्रू. फॉल्स लिही, नो लिही, शून्य लिही, सगळ्याचं ट्रूच होणार.

आता लॅपटॉपवर का चाललं? कारण तिथे बहुतेक ते व्हेरिएबल नाहीच, मग गेटएन्व्ह तुझं दुसरं आर्ग्युमेंट परत देतं, आणि ते खरंखुरं फॉल्स आहे. म्हणजे कोणी काहीच सेट केलं नाही तर डीबग बंद, आणि कोणी काळजीपूर्वक बंद केलं की चालू! असले बग सापडायला म्हणूनच वेळ लागतो.

उपाय छोटा आहे. एक फंक्शन लिही जे स्ट्रिंग घेतं, आजूबाजूच्या स्पेस काढतं, लोअरकेस करतं, मग १, ट्रू, येस, ऑन यातलं काही असेल तर ट्रू देतं, ०, फॉल्स, नो, ऑफ यातलं असेल तर फॉल्स देतं, आणि यातलं काहीच नसेल तर व्हेरिएबलचं नाव सांगून व्हॅल्यूएरर फेकतं. हे आठ शब्द मी मनाने काढलेले नाहीत, पायथॉनच्या कॉन्फिगपार्सरमधलं (आयएनआय फाईली वाचणारं मॉड्यूल) गेटबूलियन हेच आठ शब्द मानतं. शेवटची एरर फेकायची पायरी लोक हमखास गाळतात आणि 'नाहीतर फॉल्स' असं लिहून मोकळे होतात, मग कोणी ट्रूमधला ई खाल्ला की सेटिंग गुपचूप बंद पडतं आणि कुणालाच पत्ता नाही. जुन्या कोडमध्ये यासाठी डिस्टयुटिल्समधलं स्ट्रटूबूल वापरलेलं दिसेल, ते उचलू नकोस, डिस्टयुटिल्स पायथॉन ३.१२ मधून काढूनच टाकलंय.

आकड्यांचंही तेच. टाइमआउट ३० लिहिलास, वाचताना इंट लावायला विसरलास आणि पुढे कोणी त्याला दोनने गुणलं तर ६० येत नाहीत, ३०३० येतात, कारण स्ट्रिंगला दोनने गुणलं की पायथॉन ती दोनदा लिहून देतो. एरर नाही, काही नाही. आणि तपासताना नुसतं प्रिंट करू नकोस, रेप्र लावून प्रिंट कर. भोवती कोट दिसले की समजायचं ही स्ट्रिंग आहे, आणि शेवटी चिकटलेली स्पेस असेल तर तीही दिसते.

जाता जाता अजून एक. कंटेनरमध्ये ॲप चालवणाऱ्या डॉकर रनला एन्व्ह-फाईल दिलीस तर तो व्हॅल्यूभोवतीचे कोट काढत नाही, ते व्हॅल्यूचाच भाग धरतो. डॉट एन्व्ह फाईल वाचणारं पायथॉन-डॉटएन्व्ह पॅकेज मात्र काढतं. एकच फाईल दोन्हीकडे वापरणार असशील तर कोट न लावता लिही.

प्रश्न : मॅडम, नवीन प्रोजेक्ट सुरू करतोय. कॉन्फिग फाईलच्या फॉरमॅटबद्दल टीममध्ये चार मतं : आयएनआय, जेसन, यॅमल, टॉमल. प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतंय. तुमचं मत काय, आणि कृपया 'गरजेनुसार ठरवा' असं लिहू नका. – टीम लीड

उत्तर : बरं, नाही लिहीत. टॉमल घ्या.

कारण असं की पायथॉन ३.११ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून, टॉमल वाचणारं टॉमललिब पायथॉनसोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. प्रोजेक्टची माहिती ठेवणारी पायप्रोजेक्ट डॉट टॉमल तुमच्या रेपोमध्ये तसंही असणार, म्हणजे टीमची नजर बसलेली आहे. कमेंट लिहिता येतात, आकडा आकडाच राहतो, ट्रू-फॉल्स ट्रू-फॉल्सच राहतं, तारीखसुद्धा तारीख म्हणून येते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. फाईल बायनरी मोडमध्ये उघडायची, म्हणजे आरबी, नाहीतर टाइपएरर येते आणि माणूस विनाकारण चक्रावतो. आणि टॉमललिब फक्त वाचतं, लिहीत नाही. ३.११ च्या खालचा पायथॉन असेल तर टॉमली नावाचं पॅकेज अगदी तसंच चालतं.

आयएनआय वाईट नाही, जुन्या प्रोजेक्टमध्ये असेल तर उगाच हलवू नका. पण कॉन्फिगपार्सरच्या काही खोडी माहीत हव्यात. सगळ्या व्हॅल्यू स्ट्रिंग म्हणून येतात, वरचं पत्र वाचलंत ना, तेच इथेही. कीची नावं तो आपणहून लोअरकेस करतो. पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह असलं की इंटरपोलेशनची (एका व्हॅल्यूत दुसरी भरण्याची) एरर येते, कारण टक्का त्याच्यासाठी खास चिन्ह आहे, तेव्हा पार्सर बनवतानाच इंटरपोलेशन नन द्या. आणि सगळ्यात खोडसाळ गोष्ट म्हणजे रीडला दिलेली फाईल जागेवर नसेल तर तो चकार शब्द काढत नाही! जेवढ्या फाईली वाचता आल्या त्यांची यादी परत देतो, आणि ती यादी कोणी बघत नाही. एक तर यादी रिकामी आहे का ते तपासा, नाहीतर फाईल स्वतः ओपन करून रीड-फाईलला द्या, म्हणजे नसेल तर तिथेच फुटेल.

जेसन मशीनने मशीनसाठी लिहावं. त्यात कमेंट चालत नाही, शेवटचा कॉमा राहिला की पार्सर अडतो, आणि कॉन्फिगमध्ये कमेंट नसणं हे मला तरी सहन होत नाही. टाइमआउट ९० का आहे, ४५ का नाही, हे त्या ओळीच्या शेजारीच लिहिलेलं असायला पाहिजे, दुसरीकडे लिहिलेलं कोणी वाचत नाही.

राहिलं यॅमल. कुबरनेटीस, ॲन्सिबल, गिटहब ॲक्शन्स वगैरेंमुळे ते टाळता येत नाहीच, पण स्वतःहून निवडायचं असेल तर जरा थांबा. पायथॉनमध्ये यॅमल वाचणारं पाययॅमल अजूनही यॅमल १.१ च्या नियमांनी चालतं, आणि त्या नियमांत कोट न लावलेला नो म्हणजे फॉल्स. देशांच्या कोडची यादी लिहिलीत तर नॉर्वेचा कोड एन-ओ आहे, त्याचं फॉल्स होतं. पायथॉनचं व्हर्जन ३.१० लिहिलंत तर तो दशांश आकडा धरला जातो आणि ३.१ होतं. रात्री साडेदहाला जॉब चालवायचा म्हणून २२:३० लिहिलंत तर पाययॅमल ते साठच्या पायावरचा आकडा समजतं आणि तुमच्या हातात १३५० ठेवतं, बावीस गुणिले साठ अधिक तीस. खोटं वाटत असेल तर आत्ता टर्मिनल उघडून करून बघा. २००९ च्या यॅमल १.२ ने नोचं फॉल्स आणि साठच्या पायाचा आकडा हे प्रकार काढून टाकलेत (३.१० चं ३.१ मात्र तिथेही होतं), पण पाययॅमल तिथवर पोचलेलं नाही. १.२ हवं असेल तर रुआमेल यॅमल नावाचं पॅकेज आहे. पाययॅमलच वापरणार असाल तर संशय येईल तिथे कोट लावा आणि लोड नाही, सेफ-लोड वापरा. साधं लोड पूर्वी फाईलमध्ये सांगितलेला कुठलाही पायथॉन ऑब्जेक्ट बनवून द्यायचं, म्हणजे बाहेरून आलेली फाईल तुमच्या मशीनवर काहीही चालवू शकायची. २०२१ च्या ६.० पासून लोडला लोडर सांगणं सक्तीचं झालं, म्हणून अपग्रेड केल्यावर जुना कोड फुटतो, आणि मग घाईत कोणीतरी अनसेफ लोडर टाकून एरर घालवतं. तेवढं रिव्ह्यूमध्ये पकडा.

प्रश्न : हाताने स्क्रिप्ट चालवली की छान चालते. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारं टूल) लावली की कॉन्फिग फाईल सापडत नाही म्हणते, फाईल तर स्क्रिप्टच्या शेजारीच आहे! – डेटा टीम

उत्तर : शेजारी असून उपयोग नाही, कारण नुसतं फाईलचं नाव दिलं की पायथॉन ती स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये शोधत नाही, ज्या फोल्डरमध्ये उभं राहून कमांड दिली तिथे शोधतो. तुम्ही हाताने चालवता तेव्हा आधी त्या फोल्डरमध्ये जाता म्हणून जमतं. क्रॉन साधारण युजरच्या होम फोल्डरमधून सुरू करतो, सिस्टमडीची सर्व्हिस काही सांगितलं नसेल तर थेट रूट फोल्डरमधून.

पाथलिबचा पाथ घ्या, त्याला डबल अंडरस्कोर फाईल द्या, रिझॉल्व्ह करा, पेरेंट घ्या, आणि तिथून पुढे नाव जोडा. एवढ्याने तुमचं काम भागेल. पण मला विचाराल तर स्क्रिप्टला कॉन्फिग नावाचं एक कमांड लाईन आर्ग्युमेंटच द्या आणि क्रॉनच्या ओळीत पूर्ण पाथ लिहा. सहा महिन्यांनी जो कोणी ती ओळ बघेल त्याला कुठली फाईल वापरली जातेय ते शोधत बसावं लागणार नाही.

पुढची एरर आत्ताच सांगून ठेवते म्हणजे परत पत्र नको. क्रॉन तुमची बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाईल) वाचत नाही, त्यामुळे टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल्स तिथे नसणार.

तुमची स्क्रिप्ट पुढे पॅकेज म्हणून लोक इन्स्टॉल करणार असतील तर हिशोब बदलतो. पॅकेजसोबत जाणारी डिफॉल्ट फाईल इम्पोर्टलिब रिसोर्सेसच्या फाइल्स फंक्शनने वाचायची, ते ३.९ पासून आहे. युजरची स्वतःची सेटिंग्ज प्रत्येक सिस्टीमच्या ठरलेल्या जागी, लिनक्सवर होममधलं डॉट कॉन्फिग, मॅकवर लायब्ररीतलं ॲप्लिकेशन सपोर्ट, विंडोजवर ॲपडेटा, आणि हे पाठ करायची गरज नाही, प्लॅटफॉर्मडिर्स नावाचं पॅकेज बरोबर पाथ देतं. इन्स्टॉल केलेली पॅकेजेस जिथे जातात त्या साइट-पॅकेजेसमध्ये मात्र काही लिहू नका, पुढच्या अपग्रेडमध्ये साफ होतं.

प्रश्न : ताई, प्लीज लवकर उत्तर द्या. माझ्याकडून डॉट एन्व्ह फाईल कमिट झाली आणि पुशपण झाली, त्यात डेटाबेसचा पासवर्ड आणि पेमेंटची की होती. मग मी गिटइग्नोरमध्ये नाव टाकलं, फाईल डिलीट करून परत पुश केलं. आता सेफ आहे ना? – फ्रीलान्स करते

उत्तर : नाही गं. (तुला मेलने लगेच कळवलं होतंच, इथे बाकीच्यांसाठी.)

गिटचं कामच मुळी जुनं विसरू न देणं हे आहे. शेवटच्या कमिटमध्ये फाईल नाही म्हणून काय झालं, आधीच्या कमिटमध्ये आहेच, आणि एक मागचा कमिट चेकआउट करायला कुणाला किती वेळ लागतो? पब्लिक रेपो असेल तर अशा कीज शोधणारे बॉट सतत फिरत असतात. प्रायव्हेट असेल तरी ज्याने ज्याने पुल केलंय त्याच्या लॅपटॉपवर ती आहे, टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सीआयच्या मशीनवर आहे, कोणी फोर्क केलं असेल तर तिथे आहे.

म्हणून पहिलं काम हिस्टरी साफ करणं नाही, पहिलं काम पासवर्ड आणि की बदलणं. जुनी की रद्द झाली हे पेमेंटवाल्यांच्या डॅशबोर्डवर जाऊन डोळ्यांनी बघ, आणि मधल्या वेळात ती कोणी वापरली का तेही लॉगमध्ये तपास. हे झालं की निम्मी धाकधूक संपते, कारण हिस्टरीत जे राहिलंय ते आता मेलेलं आहे. मग सावकाश बाकीचं. गिट फिल्टर-रेपोने हिस्टरीतून फाईल काढता येते, पण मग फोर्स पुश करावं लागतं आणि सगळ्यांना नव्याने क्लोन करायला सांगावं लागतं, टीम मोठी असेल तर ते एक वेगळंच प्रकरण होतं. की बदललेली असेल आणि रेपो प्रायव्हेट असेल तर हे नाही केलंस तरी मी तुला नावं ठेवणार नाही.

तू गिटइग्नोरमध्ये नाव टाकलंस ते पुढच्यासाठी चांगलंच, पण एक सगळ्यांनी लक्षात ठेवा, गिट ज्या फाईलवर आधीच लक्ष ठेवून आहे तिच्यावर गिटइग्नोरचा काही परिणाम होत नाही. आधी गिट आरएम कॅश्ड करून ती सोडवायला लागते, याने फाईल तुमच्या फोल्डरमध्ये तशीच राहते, फक्त गिट तिचा नाद सोडतं. आणि रेपोमध्ये डॉट एन्व्ह डॉट एक्झाम्पल अशी एक फाईल ठेवा, सगळ्या व्हेरिएबलची नावं, शेजारी कमेंट, व्हॅल्यू मात्र रिकाम्या. नवीन माणूस तीच कॉपी करून भरेल. कमिटच्या आधी गुपितं शोधणारं गिटलीक्स किंवा डिटेक्ट-सीक्रेट्स चालवणारा प्री-कमिट हुक लावला तर ही वेळ सहसा येत नाही.

हेरोकू या क्लाउड कंपनीच्या लोकांनी २०११ च्या सुमाराला ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप म्हणून जे नियम लिहिले त्यात याची एक सोपी परीक्षा आहे, या क्षणी अख्खा कोड ओपन सोर्स केला तर एखादं गुपित फुटेल का? फुटत असेल तर कॉन्फिग कोडपासून नीट वेगळी झालेली नाही. परीक्षा मला पटते. त्यांचा उपाय, की सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, तो मात्र आता अर्धाच पटतो, कारण तिथे ठेवलेलं प्रत्येक चाइल्ड प्रोसेसला आपोआप मिळतं, लिनक्सवर तोच युजर किंवा रूट प्रॉक फोल्डरमधून ते वाचू शकतो, आणि एरर रिपोर्ट करणारी काही टूल्स अख्खं एन्व्हायर्नमेंट उचलून पाठवतात. म्हणून खरोखरच्या नाजूक गोष्टी डॉकर सीक्रेट्ससारख्या फाईलमधून किंवा क्लाउडच्या सीक्रेट मॅनेजरमधून घेतलेल्या बऱ्या. आणि ॲप सुरू होताना 'बघूया काय काय लोड झालं' म्हणून सगळी कॉन्फिग लॉगमध्ये छापायची सवय असेल तर ती मोडा, नाहीतर व्हॅल्यू तपासणाऱ्या पायडँटिक लायब्ररीचा सीक्रेटस्ट्र वापरा, तो छापताना नुसते स्टार दाखवतो.

प्रश्न : एवढ्या फॉरमॅटच्या भानगडी कशाला? सरळ कॉन्फिग डॉट पीवाय लिहायची आणि इम्पोर्ट करायची. जँगो वेब फ्रेमवर्क तेच करतं की. – पंधरा वर्षं कोडिंग

उत्तर : करतं, आणि जँगोमध्ये ते चालूनही जातं. मी त्याच्या विरोधात नाही. बदलणारा माणूस कोण, यावर सगळं आहे. जे कोड लिहितात तेच सेटिंग बदलतात आणि ते रिलीजसोबतच जातं, तर पायथॉन फाईलसारखं सुख नाही, कमेंट आहेत, टाइप आहेत, एडिटर चुका दाखवतो. पण ऑपरेशन्सवाला किंवा ग्राहक ती फाईल उघडणार असेल तर तुम्ही त्याला सेटिंग नाही, कोड लिहायला देताय, आणि एक कंस राहिला की अख्खं ॲप इम्पोर्टलाच पडणार. (त्याहून वाईट म्हणजे टेक्स्ट फाईलमधून ओळ उचलून इव्हॅल करणारे, म्हणजे ती कोड म्हणून चालवणारे. ते प्लीज नका करू, अगदीच अडलं तर एएसटी मॉड्यूलमधलं लिटरल-इव्हॅल आहे.)

माझी खरी तक्रार वेगळी आहे. अशा फाईलमधल्या व्हॅल्यू इम्पोर्ट होताना एकदाच ठरतात, आणि मग प्रत्येक मॉड्यूल वरच्या वर त्या इम्पोर्ट करून बसतं. टेस्ट लिहायला गेलात की याचा त्रास कळतो. तुम्ही पायटेस्टच्या मंकीपॅचने (टेस्टपुरती व्हॅल्यू बदलायची सोय) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलता, टेस्ट चालवता, कोडमध्ये जुनीच व्हॅल्यू, कारण ती टेस्ट फाईलच्या पहिल्या इम्पोर्टलाच वाचून झाली. मग लोक मॉड्यूल रीलोड करायला लागतात, इम्पोर्टचा क्रम बदलायला लागतात, टेस्ट एकेकटी चालते पण सगळ्या मिळून पडतात, असले खेळ सुरू होतात.

त्याऐवजी एक फंक्शन ठेवा, लोड-कॉन्फिग म्हणा. ते फाईल वाचेल, एन्व्हायर्नमेंट वाचेल, टाइप बदलेल, तपासेल आणि फ्रोझन डेटाक्लासचा एक ऑब्जेक्ट परत देईल. मेनमध्ये ते एकदाच बोलवायचं आणि ज्याला जे लागतं ते त्याच्या हातात द्यायचं, ईमेल पाठवणाऱ्या क्लासला ईमेलची सेटिंग्ज, डेटाबेसवाल्याला डेटाबेसची. फ्रोझन अशासाठी की मधेच कोणी टाइमआउट बदलायला गेलं तर तिथल्या तिथे एरर यावी. टेस्टमध्ये मग मंकीपॅच लागतच नाही, हवा तसा ऑब्जेक्ट बनवा आणि द्या. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये ओएस डॉट एन्व्हायरन शोधून बघा, एकाहून जास्त फाईलमध्ये सापडलं तर कामाला सुरुवात तिथून करा.

प्रश्न : आमच्याकडे डेव्ह, स्टेजिंग, प्रॉडक्शन अशा तीन कॉन्फिग फाईली आहेत, जवळपास सारख्याच. एकात बदललं की दोनमध्ये राहतं. एकत्र कशा कराव्यात? डॉट एन्व्हपण आहे, आणि त्यात बदल केला तरी कधीकधी जुनीच व्हॅल्यू येते, हे काय आहे? – पाच जणांची टीम

उत्तर : आधी दुसरं सांगते कारण ते लवकर संपतं. पायथॉन-डॉटएन्व्हचं लोड-डॉटएन्व्ह आधीपासून सेट असलेलं व्हेरिएबल बदलत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी टर्मिनलमध्ये ते कधीतरी एक्सपोर्ट केलेलं असणार, तेच जिंकतंय. ओव्हरराइड ट्रू दिलं तर फाईल जिंकेल, पण ते देऊ नका, सर्व्हरवर खरं एन्व्हायर्नमेंटच जिंकायला हवं. टर्मिनल बंद करून नवीन उघडा.

आता थर. सगळ्यात खाली कोडमधली डिफॉल्ट, त्यावर एक बेस फाईल, त्यावर त्या त्या ठिकाणची छोटी फाईल ज्यात फक्त वेगळं तेवढंच, त्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, सगळ्यात वर कमांड लाईन. वरचा खालच्याला झाकतो. तुमची प्रॉडक्शन फाईल आठ-दहा ओळींची राहायला हवी. आणि कोडमध्ये 'प्रॉडक्शन असेल तर हे, नाहीतर ते' असली इफ घालू नका, ईमेल पाठवायचा की नाही हे एक सेटिंग आहे, ते सेटिंग म्हणूनच असू दे.

हे थर जोडताना डिक्शनरीचं साधं अपडेट वापरलंत तर फसाल. समजा बेस फाईलमध्ये डेटाबेस नावाचा सेक्शन आहे, त्यात होस्ट, पोर्ट आणि पूल साइझ (किती कनेक्शन उघडी ठेवायची तो आकडा). प्रॉडक्शनच्या फाईलमध्ये डेटाबेस सेक्शनखाली तुम्ही फक्त होस्ट लिहिलाय, कारण बाकीचं बेसमधून येईल असं गृहीत धरलंय. अपडेट वरच्याच पातळीवर बघतं, त्याला डेटाबेस ही की दोन्हीकडे दिसली, त्याने बेसमधला अख्खा सेक्शन उचलून फेकला आणि नवीन ठेवला. आता होस्ट बरोबर आहे पण पोर्ट आणि पूल साइझ गायब. कोडमध्ये कुठेतरी पूल साइझला 'नसेल तर ५' असं लिहिलेलं असेल तर एररसुद्धा येणार नाही, नुसतं लोड वाढल्यावर सगळं रांगेत उभं राहील आणि तुम्ही डेटाबेसला शिव्या घालाल. कलेक्शन्समधलं चेनमॅप छान आहे पण तेही वरवरचंच बघतं. दहा-बारा ओळींचं फंक्शन लिहा जे दोन्हीकडे डिक्शनरी असेल तर आत शिरून जोडतं, नसेल तर वरची व्हॅल्यू घेतं. लिस्टचं काय करायचं ते एकदा ठरवून टाका. मी म्हणेन लिस्ट पूर्ण बदलावी, जोडत गेलात तर बेसमधली एखादी गोष्ट काढायची सोयच राहत नाही.

हे सगळं हाताने नको असेल तर पायडँटिक-सेटिंग्ज बघा. २०२३ मध्ये पायडँटिक २ आलं तेव्हा बेससेटिंग्ज क्लास या वेगळ्या पॅकेजमध्ये गेला, म्हणून जुनी उदाहरणं कॉपी केली की इम्पोर्टची एरर येते. क्लासमध्ये नाव आणि टाइप लिहायचा, बाकी तो बघतो, आधी थेट दिलेलं आर्ग्युमेंट, मग एन्व्हायर्नमेंट, मग डॉट एन्व्ह, मग सीक्रेटच्या फाईली, शेवटी डिफॉल्ट. मला त्याची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे चार व्हॅल्यू चुकल्या असतील तर चारही एकाच दमात सांगतो, एक दुरुस्त करा, परत चालवा, दुसरी दुरुस्त करा असं खेळवत नाही.

आणि डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, कीज यांना डिफॉल्ट देऊ नका. लोकलहोस्ट डिफॉल्ट दिलंत आणि सर्व्हरवर व्हेरिएबल राहून गेलं तर ॲप आनंदाने सुरू होतं आणि पहिली रिक्वेस्ट आल्यावर पडतं. डिफॉल्ट नसेल तर सुरूच होत नाही, डिप्लॉय तिथेच अडकतं, जुनं व्हर्जन चालू राहतं, आणि कोणाला रात्री उठावं लागत नाही.

प्रश्न : ॲपमधून सेटिंग सेव्ह केलं की टॉमल फाईलमधल्या माझ्या सगळ्या कमेंट उडतात.

उत्तर : उडणारच, वाचताना कमेंट टाकून दिल्या जातात. टॉमलकिट कमेंट राखतं, यॅमलसाठी रुआमेल. पण माणसाने लिहायची फाईल आणि प्रोग्रामने लिहायची फाईल मुळात वेगळी ठेवली तर हा प्रश्नच येत नाही. प्रोग्राम लिहितो ती आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहायची आणि मग ओएस रिप्लेसने नाव बदलायचं, म्हणजे मधेच प्रोग्राम बंद पडला तरी अर्धवट फाईल राहत नाही.

प्रश्न : कॉन्फिगमध्ये मराठी मेसेज ठेवलेत. लिनक्सवर नीट, विंडोजवर कचरा दिसतो.

उत्तर : ओपनला एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट द्या, कॉन्फिगपार्सरच्या रीडलाही देता येतं. न दिल्यास विंडोजवर पायथॉन सिस्टीमचं जुनं एन्कोडिंग धरतो. ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट ठरवलंय, पण तोवर लिहायलाच लागेल. टॉमलमध्ये हा त्रास नाही, तिथे यूटीएफ-८ शिवाय दुसरं चालतच नाही. आयएनआय फाईलची पहिलीच ओळ बरोबर असून सेक्शन हेडर नाही अशी एरर आली तर एखाद्या एडिटरने सुरुवातीला न दिसणारा बीओएम टाकलाय, तेव्हा यूटीएफ-८-सिग वापरा. आणि जेसन लिहिताना एन्शुअर-आस्की फॉल्स करा, यॅमल लिहिताना अलाउ-युनिकोड ट्रू, नाहीतर मराठीच्या जागी बॅकस्लॅश-यूच्या माळा दिसतील.

प्रश्न : रीस्टार्ट न करता कॉन्फिग बदलता येईल का? – सर्व्हिस २४ तास चालते

उत्तर : येते, पण आधी स्वतःला विचारा की रीस्टार्ट एवढं महाग का आहे. गनिकॉर्नसारखा वेब सर्व्हर पुढे असेल तर त्याला हप सिग्नल दिला की तो कॉन्फिग परत वाचून नवे वर्कर उभे करतो आणि जुन्यांना हातातलं काम संपवून जाऊ देतो, बहुतेकांना एवढं पुरतं. स्वतः लिहायचंच असेल तर चालू ऑब्जेक्टमधल्या व्हॅल्यू एकेक करून बदलू नका, नाहीतर एखादी रिक्वेस्ट नवीन होस्ट आणि जुना पासवर्ड घेऊन जाईल. नवीन ऑब्जेक्ट पूर्ण बनवा, तपासा, पास झाला तरच एका झटक्यात जुन्याच्या जागी ठेवा, नापास झाला तर लॉगमध्ये ओरडा आणि जुन्यावरच चालू राहा. डेटाबेसचा कनेक्शन पूल मात्र जुन्याच पत्त्यावर उघडलेला राहतो, तो वेगळा बंद करून उघडावा लागतो, आणि हे करता करता जो कोड तयार होतो तो रीस्टार्टपेक्षा किचकट असतो.

प्रश्न : लॉगिंगची सेटिंग्ज डिक्टकॉन्फिगने लावली आणि माझ्याच काही मॉड्यूलचे लॉग यायचे बंद झाले.

उत्तर : डिसेबल-एक्झिस्टिंग-लॉगर्स नावाची की फॉल्स करा. ती दिली नाही तर ट्रू धरली जाते आणि तोवर बनलेले, तुमच्या कॉन्फिगमध्ये नाव नसलेले लॉगर बंद होतात. तुमची मॉड्यूल्स वर इम्पोर्ट झालीत आणि डिक्टकॉन्फिग खाली बोलावलंय, म्हणून नेमकी तीच गप्प झालीत.